तांबडा आकडा

पूर्णाहुतीसाठी गुरुजींनी घरच्यांना एकमेकांच्या हाताला हात लावून उभं राहायला सांगितलं, तेव्हा देवव्रतच्या डाव्या बाजूची जागा रिकामी राहिली. तिथं अबोलीनं उभं राहायचं होतं.

“नात कुठं गेली?” गुरुजींनी विचारलं.

“आत असेल. तुम्ही चालू द्या,” देवव्रत म्हणाला आणि उजवीकडे उभ्या असलेल्या सानवीला, आपल्या मुलीला, हळूच म्हणाला, “बघून ये गं तिला.”

“मी नाही जाणार. ती माझ्याशी बोलत नाहीये.”

“कधीपासून?”

“बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही?”

देवव्रतनं नजर समोर वळवली. पाटावर त्याचे वडील, नाना, बसले होते. ऐंशी पूर्ण करून एक्क्याऐंशीत गेलेले गोपाळकृष्ण टिपणीस, भिवपुरीच्या वीजकेंद्रातले जुने ड्राफ्ट्समन. धुरानं त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हातरुमालानं पुसत होते. सहस्रचंद्रदर्शनाचा घाट देवव्रतनंच घातला होता. गुरुजी त्यानं ठरवले, दहिवलीच्या या बंगल्यापुढे मांडव त्यानं घातला, नेरळहून केटरर आणण्याऐवजी घरीच बिरडं करायचं हेही त्यानंच ठरवलं. सौमित्र, त्याचा धाकटा भाऊ आणि अबोलीचा बाप, खालापूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तो फक्त विचारल्यावर ‘चालेल’ म्हणाला होता.

सदऱ्याच्या खिशातलं पत्र देवव्रतनं दोनदा चाचपलं. जेवणानंतर ते अबोलीला द्यायचं होतं. मनानं तो अगदी शांत होता. मे महिन्यात तिला आर्किटेक्चर कॉलेजच्या कामासाठी जागा हवी होती. नेरळचा ओढ्याकाठचा प्लॉट त्यानं सुचवला. आपल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात टेबल दिलं, कॉम्प्युटर दिला, दिवसातून दोनदा चहा दिला. जूनमध्ये बिल्डर डोक्यावर बसला, काहीतरी नवीन दाखवा म्हणाला, तेव्हा कॉम्प्युटरवर जे होतं ते त्यानं दाखवलं. सानवीनं आराखड्याखालची नावाची पट्टी बदलली, ऑफिसचं नाव टाकलं. जुलै लागायच्या आत ब्रोशर छापूनही झालं. चोरी दुसऱ्याच्या घरातून करतात. हे घरातलं होतं, घरातच राहिलं होतं.

कॉलेज असं काही करेल हे कुणाला ठाऊक होतं?

नानांनी तुपाची धार सोडली. सगळ्यांचे हात एकमेकांना लागलेले होते. देवव्रतचा डावा हात तेवढा मोकळा लोंबत राहिला.

*

अबोली नानांच्या खोलीत लोखंडी कपाटापुढे जमिनीवर बसली होती. आजूबाजूला जुन्या पावत्या, कंपासपेट्या, रोटरिंग पेनांच्या सुकलेल्या नळ्या. पाहिजे होती ती हिरव्या कापडी बांधणीची वही, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या नोंदींचं नानांचं लेव्हल बुक, कुठंच सापडत नव्हती.

“काय शोधतेस?” दारात सरोजिनीआजी उभी होती. हातात कणकेच्या दिव्यांचं ताट.

“काही नाही.”

“काही नाही शोधायला एवढा पसारा लागत नाही. सांग.”

अबोलीनं दार लोटलं. आजीच्या हातातलं ताट टेबलावर ठेवलं आणि खिशातून कॉलेजची नोटीस काढून तिला दिली. आजीनं ती चष्मा वर करून दोनदा वाचली. चौथ्या वर्षाच्या डिझाइनच्या ज्युरीत परीक्षकांपुढे सादर केलेला आराखडा एका छापील गृहप्रकल्पातून उचललेला असल्याचं निदर्शनास आलं आहे. मंगळवारी अकरा वाजता समितीपुढे हजर राहून खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास एक वर्षासाठी निलंबन आणि तशी नोंद.

“पण काढलंस तूच ना?”

“मीच. पण काकांचं ब्रोशर जूनमधलं आहे आणि आमचं सत्र सुरू झालं जुलैत. कॉलेजात कुणीही ते माझ्याकडे आधी बघितलेलं नाही. कॉम्प्युटरवरच्या तारखा दाखवल्या, तर म्हणाले, तारखा कुणीही बदलतं.”

साडेतीन वर्षं तिनं ऐकूनच घेतलं होतं. पहिल्या वर्षी सगळ्या रेघा सारख्याच जाड काढल्या म्हणून बाईंनी शीट उभी फाडली होती. दुसऱ्या वर्षी सनबोर्ड कापताना बोट कापलं, मॉडेलला रक्त लागलं, तर सर म्हणाले होते, निदान आता त्यात काहीतरी जिवंत आहे. तिसऱ्या वर्षी प्रत्येक ज्युरीत एकच प्रश्न: तुमची इमारत काय सांगते? ती काही सांगत नाही असंच दरवेळी ठरायचं. कमी मार्कांनी अबोली रडायची नाही. चूक नक्की कुठं आहे ते कुणी दाखवत नाही, याचा तिला राग यायचा. म्हणून या वेळी तिनं आधी बघायचं ठरवलं. पोशीर गावात जाऊन बायका भांडी कुठं घासतात, पाणी कुठं ओततात, ओल्या हातानं कुणाशी बोलतात, हे टिपून आणलं. मग ओढ्याकडे उतरत जाणारी अठ्ठावीस घरं काढली. प्रत्येकाच्या मागच्या दाराशी एक ओटा, शेजारणीच्या ओट्यासमोर.

ज्युरीच्या दिवशी बाहेरून आलेले एक वयस्क आर्किटेक्ट तिच्या मॉडेलपुढे चक्क गुडघ्यावर बसले. त्या ओट्यांमधून त्यांनी आत बघितलं. कुणी असं बघण्याची ही पहिलीच वेळ होती. मग दुसऱ्या परीक्षकानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर तीच अठ्ठावीस घरं होती. ओटे तेवढे काढून टाकले होते.

पहिले गृहस्थ गुडघे झटकत उठले. तिच्याकडे न बघताच पुढच्या टेबलाकडे गेले.

“मग वही कशाला?” आजीनं विचारलं.

“आजी, मे महिन्यात प्लॉटच्या लेव्हल आजोबांनी घेतल्या. मी पट्टी धरून उभी, ते दुर्बिणीतून वाचून लिहीत होते. पट्टीवर मीटरचा आकडा तांबडा असतो, बाकीचे काळे. रस्त्याखालच्या मोरीपाशी त्यांना तांबडा एक दिसलाच नाही. एक पूर्णांक तीन आठ पाचऐवजी शून्य पूर्णांक तीन आठ पाच लिहिलं. त्यामुळे पुढची सगळी जमीन कागदावर मीटरभर उंच झाली.”

आजीनं नोटीस घडी करून परत दिली.

“सप्टेंबरमध्ये कॉलेजची दुर्बीण नेऊन मी परत मोजलं, तेव्हा कळलं. माझ्या शीट दुरुस्त केल्या. काकांच्या ब्रोशरमध्ये अजून जुनीच उंची आहे. मी त्यांचं उचललं असतं, तर त्यांच्याकडे आजोबांची चूक कुठून आली असती? वही दाखवली की संपलं. आकडे उतरवून घेऊन मी ती परत दिली, फोटो काढायचं सुचलंच नाही.”

“त्यांना सांगितलंस? चूक झाली म्हणून?”

“नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ते तीनदा म्हणाले, अजून नजर चालते माझी.”

आजीनं ताट परत हातात घेतलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि दीड वर्षापासून पेपर मीच वाचून दाखवते, हे ती बोलली नाही. नानांनी तशी तंबीच दिली होती.

“वही माझ्या ट्रंकेत आहे,” ती म्हणाली. “ओवाळून झालं, जेवणं झाली, की देते. पण आज त्यांच्यापुढे शब्द काढायचा नाही. आजचा दिवस त्यांचा आहे.”

“नाही काढणार.”

बाहेरून कामाला आलेल्या धोंडूबाईची हाक आली, “आजीबाय, दिवं घेऊन या की! बाया खोळंबल्यात. आमी किती येळ हुबं ऱ्हायचं?”

*

पाहुणे चारपर्यंत पांगले. मांडवात खुर्च्यांवर खुर्च्या चढत होत्या. सौमित्र हॉलमध्ये खिडकीशी बसला होता आणि देवव्रत पत्र उलगडत होता, तेव्हाच सौमित्रला कळलं, की आता आपल्याला कुणाची तरी बाजू घ्यावी लागणार. शाळेत चाळीस पोरांपुढे तो सहज बोलायचा. या हॉलमध्ये मात्र, दादासमोर, त्याला लहानपणापासून शब्द सुचत नसत. अबोलीची आई होती तोवर ती बोलायची. ती गेल्याला सहा वर्षं झाली.

“वाच,” देवव्रतनं पत्र अबोलीपुढे धरलं. “मोठ्यानं वाच, सगळ्यांना कळू दे.”

अबोलीनं वाचलं. “कुमारी अबोली सौमित्र टिपणीस हिने मे महिन्यात आमच्या कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. सदर आराखडा माझ्या मार्गदर्शनाखाली तयार झाला असून तो कार्यालयाच्या मालकीचा आहे.” ती थांबली. “काका, यावर मेमधली तारीख आहे.”

“मग काय आजची घालू?”

“तुमच्या मार्गदर्शनाखाली?”

“जागा कुणाची? टेबल कुणाचं? मी रोज येऊन बघत नव्हतो?”

“तुम्ही रोज येऊन विचारत होता, चहा घेतलास का.”

सानवी तोंड दाबून हसली. बापानं बघताच गप्प झाली.

“हे बघ,” देवव्रत समजावणीच्या सुरात म्हणाला, “गैरसमजातून कॉलेजात दिलं म्हण. यानं चोरीचा शिक्का जातो. एक विषय परत द्यावा लागेल, सहा महिने. वर्ष जात नाही. तुझं काही बिघडत नाही, माझंही नाही. याच्यापेक्षा काय करू मी?”

“खरं लिहा. एवढंच करा.”

“म्हणजे बिल्डरनं उद्या विचारायचं, टिपणीस, कॉलेजच्या पोरीचं काम आमच्या गळ्यात मारलंत? नेरळमध्ये तेवीस वर्षं झाली मला. लोक माझ्या नावावर प्लॅन देतात.”

“माझं नाव कुठं आहे, काका?”

“तुझं नाव होईल गं पुढे. आत्ता कुठं बावीसची झालीयस.”

अबोली वळली. “बाबा?”

सौमित्रला वाटलं, आता बोलावं. खरं तर जुलैतच बोलायला हवं होतं. खालापूरला जाताना चौकातल्या फलकावर त्यानं ती घरं बघितली होती. गाडी थांबवून फोटोही काढला होता. आपल्या मुलीचं काम एवढं मोठं छापलेलं बघून त्याला अभिमान वाटला होता. खाली दादाचं नाव होतं, तेही दिसलं होतं. विचारू, असं ठरवून तो पुढे गेला होता, आणि विचारलं नव्हतं.

“सहा महिनेच आहेत बाळा,” तो म्हणाला. “घरात कडवटपणा नको. नानांचा दिवस आहे आज.”

त्यानं मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. कोचावर पाय वर घेऊन बसलेल्या नानांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते, पण ते ऐकत होते. गळ्यातला हार अजून काढलेला नव्हता.

“संपलं मग,” देवव्रत उठला. “सही कर खाली. मला निघायचंय. साइटवर मुकादम हिरामण थांबलाय, उद्या सकाळी काँक्रीट आहे.”

“उद्या?” अबोली म्हणाली. “कसलं काँक्रीट?”

“पायाचं. खड्डे तयार आहेत.”

“कुठल्या लेव्हलला?”

“कुठल्या म्हणजे? प्लॅनमधल्या.”

अबोलीनं दाराकडे बघितलं. तिथं आजी उभी होती. आजीनं मान हलवली, अगदी थोडी. नको. सौमित्रला त्यातलं काहीच कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की मुलीचा खालचा ओठ दाताखाली गेला आणि परत सुटला.

“थांबवा ते,” ती म्हणाली. “लेव्हल एक मीटरनं चुकली आहे. कागदावर पार्किंगची जमीन पुराच्या खुणेच्या दोन फूट वर दिसते. खरं तर ती सव्वा फूट खाली आहे. ओढा आत येईल.”

देवव्रत उभ्याचा खाली बसला. “काय बोलतेस तू?”

“सप्टेंबरमध्ये परत मोजलंय मी.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“तुम्ही बांधताय हे मला ज्युरीत कळलं, काका.”

कोचावरून नानांचा आवाज आला. “लेव्हल कुणाच्या होत्या?”

अबोलीनं मान खाली घातली.

“माझ्या होत्या,” नाना म्हणाले. “सरोजिनी, वही आण.”

*

छप्पन्न वर्षांच्या संसारात सरोजिनीला त्या आवाजाला उत्तर द्यायची सवय नव्हती. तिनं ट्रंक उघडली, वही काढली. दाराशी येईपर्यंत ती ठरवत होती, की वही अबोलीच्या हातात द्यायची. पण नानांनी हात पुढे केला होता, आणि तिनं ती त्यांना दिली.

नानांनी पान खिडकीकडे तिरपं धरलं. डोळ्यांपासून चार बोटांवर आणलं, परत लांब नेलं.

“मोरीची ओळ कितवी?”

“सातवी,” अबोली म्हणाली.

त्यांचं बोट आठवीवर होतं. सरोजिनीनं ते धरून वर सरकवलं. खोलीत सगळ्यांनी ते बघितलं.

“काय लिहिलंय?”

“शून्य पूर्णांक तीन आठ पाच.”

“आणि पाहिजे किती?”

“एक पूर्णांक तीन आठ पाच.”

“खात्री आहे?”

“तीन वेळा मोजलं, आजोबा.”

नानांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “देवव्रत, माझ्या पेटीतलं ब्लेड आण. आणि बारीक पेन.”

ट्रेसिंग कागदावरची शाई खोडायला ड्राफ्ट्समन लोक अर्धं ब्लेड वापरत, हे त्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. अबोलीनंही त्यांच्याकडून ते शिकून घेतलं होतं. देवव्रत ब्लेड आणि पेन घेऊन आला, तशी ती पुढे धावली.

“नको! आजोबा, ते खरवडू नका. तोच माझा पुरावा आहे. मंगळवारी मला ते पान दाखवायचंय.”

“कसला पुरावा? माझ्या चुकीचा?”

“मी चोरी केली नाही याचा.”

“चार परकी माणसं हे पान बघणार. म्हणणार, म्हाताऱ्याला दिसत नाही.” नानांनी ब्लेड बोटांत धरलं. “चौतीस वर्षं मी काढलं आणि साहेबांनी सही केली. एका कागदावर माझं नाव नाही. त्या वेळी मी कुणाच्या समितीपुढे गेलो नाही. माझ्याकडे एकच होतं. टिपणीसाचा आकडा चुकत नाही, असं म्हणायचे. ते मी तुला देऊ?”

“नाना,” सौमित्र म्हणाला. खिडकीजवळून उठून तो दोन पावलं पुढे आला. “नाना, तिचं वर्ष...”

“तू आत्ताच म्हणालास ना, सहाच महिने आहेत?”

सौमित्र आला तिथंच थांबला.

नानांना दिसत नव्हतं, पण हाताला आठवत होतं. सरोजिनीनं बोट धरून ठेवलं आणि त्यांनी तो शून्याचा आकडा इतक्या हलक्या हातानं खरवडला, की कागदाला भोक पडलं नाही. नखानं कागद घोटून गुळगुळीत केला. मग तिथं एक लिहिला. अगदी सरळ.

“झालं,” ते म्हणाले. “आता बरोबर आहे.”

देवव्रतनं मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला. “नाना, वाचवलंत,” असं म्हणून तो फोन लावत व्हरांड्यात गेला. “हिरामण? उद्याचं काँक्रीट थांबव. अरे, काही नाही, लेव्हलमध्ये थोडी दुरुस्ती आहे. माझ्या लक्षात आली आज.”

सानवीनं बापाच्या पाठीकडे बघितलं. मग अबोलीकडे. “अबू,” ती म्हणाली आणि एक पाऊल पुढे आली.

सरोजिनीला वाटलं होतं, पोरगी आता ओरडेल, ब्लेड भिरकावेल, निघून जाईल. पण अबोली कोचाशी खाली बसली होती आणि त्या एका आकड्याकडे बघत होती.

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि सरोजिनीला त्या मऊपणाचा राग आला. “रागावू नकोस. नाव पाहिजे ना तुला? इथं खाली तपासणाऱ्याची जागा असते. मला ती कुणी कधी दिली नाही. मी तुला देतो. कर सही.”

त्यांनी पेन पुढे केलं.

अबोलीनं ते घेतलं. वही गुडघ्यावर घेऊन ती लिहू लागली. एक ओळ झाली, दुसरी झाली, तरी ती थांबेना. पेनाची कुरकुर ऐकू येत होती. सौमित्र वाकून बघायला लागला, आणि त्यानं जे वाचलं त्यानं तो सरळ झाला. या वेळी त्यानं मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“एवढं काय लिहितेस?” नानांनी विचारलं. “नाव एवढं लांब आहे तुझं?”

अबोलीनं वही आजीपुढे धरली. ती नजर चुकवत नव्हती.

सरोजिनीनं चष्मा लावला. बारीक, सुटं, नानांनीच वळण लावलेलं अक्षर:

*सातव्या ओळीतील मूळ वाचन ०.३८५. ते आज ब्लेडने खरवडून १.३८५ केले. मूळ वाचन व दुरुस्ती गोपाळकृष्ण टिपणीस यांची. माझ्यासमोर. अबोली सौमित्र टिपणीस, २३ नोव्हेंबर.*

व्हरांड्यातून देवव्रतचा हसण्याचा आवाज येत होता. तो आता बिल्डरशी बोलत असावा. हे पान मंगळवारी समितीपुढे उघडलं गेलं, की त्याची तेवीस वर्षं जाणार, हे सरोजिनीला दिसत होतं. पोटचा मुलगा होता तो. आणि हा माणूस, ज्याला ती दीड वर्ष पेपर वाचून दाखवत होती, मृत्यूच्या बातम्या गाळून, तो तोंड वर करून थांबला होता.

“वाच ना,” नाना म्हणाले. “काय लिहिलंय तिनं?”

“अबोली सौमित्र टिपणीस,” सरोजिनीनं वाचलं. “आणि आजची तारीख.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

नानांनी समाधानानं मान हलवली आणि हार काढण्यासाठी ते दोन्ही हातांनी गळ्याशी चाचपडू लागले. सरोजिनीनं वही मिटून अबोलीच्या हातात दिली. मग ती व्हरांड्याच्या दाराशी गेली आणि मुलाचं बोलणं संपायच्या आत तिनं दार आतून लावून घेतलं.